पोरगं शिकून पळून जातं, मग अप्रेंटिस घ्यायचा कशाला?

या आठवड्याचं पत्र कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून आलंय, विषय अप्रेंटिसचा, म्हणजे शिकाऊ उमेदवाराचा. नाव छापू नका म्हणालेत, छापत नाही. लांबलचक होतं, थोडं कापलंय.

"सर नमस्कार, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग करून देतो, पंप आणि व्हॉल्व्हचे पार्ट. चार सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), तीन जुने लेथ. आमची 22 माणसं आणि कॉन्ट्रॅक्टरची 12. मागच्या महिन्यात पत्र आलं की तुमच्याकडं अप्रेंटिस का नाहीत. अकाउंटंट म्हणतो आपण 22 च आहोत, आपल्याला लागू नाही. सर, खरं सांगतो, पोरं घेऊन बघितलीत. दोन वर्षांत तीन पोरं घेतली, अशीच, कागदपत्र न करता. शेवटचा तर इतका हुशार की डिस्पॅचला, पॅकिंगला, बँकेत चेक टाकायला, सगळीकडं उपयोगी पडायचा. आठव्या महिन्यात बाजूच्या शॉपनं दोन हजार जास्त दिले, गेला. आपण शिकवायचं आणि दुसऱ्यानं पळवायचं, असला धंदा कशाला करायचा? आता घेतले तर ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेऊ का? दुसरं म्हणजे माझा भाचा मशिनिस्ट ट्रेडनं आयटीआय पास झालाय. पुण्याजवळ चाकणच्या एका मोठ्या कंपनीत एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळतीय, 11,500 स्टायपेंड, एक वेळचं जेवण आणि बस. इकडं गोकुळ शिरगावात कॉन्ट्रॅक्टरकडून हेल्पर म्हणून 13,500 हातात मिळतात, घरचं जेवण. मेहुणे कायम नोकरीत आहेत, पगार चालू आहे, पण ताई म्हणते जास्त मिळतात तिथं जाऊ दे. तिकडं पाठवला तर नीट शिकवतील ना, का नुसतं राबवून घेतील? का मीच माझ्याकडं अप्रेंटिस म्हणून घेऊ?"

मालक, नमस्कार. तुमच्या पत्रात खरं तर दोन पत्रं आहेत. एकात तुम्ही पोरं घेणारे मालक आहात, दुसऱ्यात पोराचे मामा आहात, आणि मालक म्हणून म्हणताय की शिकवण्यात नुकसान आहे, मामा म्हणून विचारताय की माझ्या पोराला नीट शिकवतील ना. चाकणच्या त्या कंपनीनं तुमच्यासारखाच विचार केला तर भाच्याचं काय होईल, हे जरा डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी ते पत्र. घाबरू नका. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा. 2014 पर्यंत त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल अशी तरतूद होती, म्हणून जुने कारखानदार अजून त्याचं नाव काढलं की दचकतात. 2014 च्या दुरुस्तीत ती तरतूद काढून टाकली. पण तुमचा अकाउंटंट चुकतोय. 2019 च्या नियमांत 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि माणसं मोजताना कॉन्ट्रॅक्टरची पोरं पण धरायची. म्हणजे तुम्ही 34. त्याच्या अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत अप्रेंटिस ठेवायचे, अडीच टक्के म्हणजे 0.85, एक पोरगं धरा, आणि पंधरा टक्के म्हणजे पाच. 4 ते 29 माणसांचा शॉप असता तर तुमची मर्जी होती.

आता एक गोष्ट सांगतो जी सरकारी ऑफिसात कोणी सांगणार नाही. 2014 च्या दुरुस्तीत दंड ठेवला तो असा, की नोटीस देऊन, तुमचं म्हणणं ऐकून घेऊन, तरी कमी पडलेल्या प्रत्येक अप्रेंटिसमागं पहिले तीन महिने महिना 500 आणि मग महिना 1000. एका पोराचा वर्षाचा हिशोब केला तर दीड हजार अधिक नऊ हजार, 10,500 रुपये. आणि पोरगं घेतलं तर वर्षाचा खर्च याच्या सहापट होतो. म्हणजे नुसतं दंड टाळायला अप्रेंटिस घेणार असाल तर हिशोब उलटा बसतो, दंडच स्वस्त पडतो! आणि नेमकं हेच होतं, लोक नोटिशीच्या भीतीनं एक पोरगं आणतात, रजिस्टरला नाव लावतात, हातात झाडू देतात, वर्ष संपतं, आणि मग म्हणतात अप्रेंटिसचा काय उपयोग नाही बघा. अहो, तुम्ही उपयोगासाठी आणलाच नव्हता.

खर्च किती ते बघू. 2019 च्या नियमांत किमान स्टायपेंड दहावीवाल्याला 6000, आयटीआय पासला 7000, डिप्लोमाला 8000, ग्रॅज्युएटला 9000 असा ठरला. 2025 च्या मे महिन्यात केंद्राच्या अप्रेंटिसशिप परिषदेनं हे आकडे बरेच वाढवायची शिफारस केली, त्यामुळं करार करायच्या दिवशी सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवरचा चालू आकडा बघूनच करा. मी जुनाच धरून सांगतो. आयटीआय पोराचे 7000, त्यातला पाव हिस्सा पण जास्तीत जास्त 1500 रुपये केंद्राच्या योजनेतून येतात, ही योजना 2016 ची, आधी मालकानं द्यायचे आणि मागून क्लेम करायचा असं होतं, 2023 पासून सरकारचा हिस्सा सरळ पोराच्या बँक खात्यात जातो. म्हणजे तुमच्या खिशातून किमान 5500. कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे, त्यामुळं पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागत नाही. पण ईएसआय लागत नाही याचा अर्थ नीट समजून घ्या, पोराचं बोट गेलं तर भरपाईची जबाबदारी सरळ तुमच्यावर येते, म्हणून अपघाताची विमा पॉलिसी काढल्याशिवाय त्याला चकच्या, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागाच्या, जवळ उभा करू नका. आणि सेफ्टीचे फॅक्टरीचे नियम त्याला लागू आहेतच. रात्री दहा ते सकाळी सहा शिफ्ट लावायची नाही, ओव्हरटाइम नाही, दोन्हीला परवानगी लागते. तुमच्या तिसऱ्या शिफ्टला माणूस कमी पडतो म्हणून अप्रेंटिस, असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

आता "शिकवायचं आणि दुसऱ्यानं पळवायचं".

मालक, राग मानू नका, पण तुमचंच पत्र परत वाचा. पोरगं हुशार होतं, आणि तुम्ही त्याची हुशारी कशानं मोजलीय? डिस्पॅच, पॅकिंग, बँकेत चेक. आठ महिने. तुम्ही त्याला शिकवलं काय, की जे बाजूच्यानं पळवलं? बाजूच्या शॉपवाल्यानं तुमचं शिक्षण पळवलं नाही, एक चटपटीत पोरगं पळवलं, जे आधीपासून चटपटीत होतं. आणि पोराच्या बाजूनं बघा, इथं पण पॅकिंग, तिथं पण पॅकिंग, मग दोन हजार जास्त असतील तर का नाही जाणार? मी असतो तर मीही गेलो असतो.

मी स्वतः अप्रेंटिस होतो, चाळीस एक वर्षं झाली. पहिले चार महिने एका कारखान्यात फोरमनचा चहा आणणं आणि चिप्स, म्हणजे मशीनखाली पडलेला धातूचा कीस, भरणं हेच काम, ट्रेड टर्नर पण लेथला हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी वाटायचं उद्या येऊ नये. मग फोरमनची बदली झाली आणि मला एका म्हाताऱ्या टर्नरच्या हाताखाली दिलं. त्यानं पहिल्या दिवशी विचारलं व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, वाचता येतं का, मी म्हणालो हो, त्यानं एक पिन दिली, म्हणाला वाच, मी वाचलं, तो म्हणाला चूक, परत वाच. अकरा वेळा. अकराव्या वेळी कळलं की मी जॉबवर जबडा तिरका धरत होतो. त्यानंतर वर्षभरात त्या माणसानं मला शिव्या सोडून फारसं काही दिलं नाही, पण बाहेरून जास्त पैशाची ऑफर आली तेव्हा मी गेलो नाही. प्रेमबिम काही नाही हो, त्याच्याकडचं अजून निम्मं पण घेऊन झालं नव्हतं, ते टाकून कुठं जाणार?

पोरगं थांबतं ते याच्यानं. त्याला दिसलं पाहिजे की पुढच्या महिन्यात मला इथं असं काहीतरी येणार आहे जे आज येत नाही. हे दिसलं नाही की मग फक्त पगार दिसतो, आणि पगारात तुम्ही चाकणशी काय टक्कर देणार.

मग शिकवायचं कसं. लोक म्हणतात आमच्याकडं वेळ कुठाय. वेळ लागतो, खोटं नाही बोलणार, पहिले तीन महिने पोरगं तुम्हाला तोट्यात घालतं, टूल बिट जाळतं, एखादा इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) फोडतं, चांगल्या ऑपरेटरचा रोज अर्धा पाऊण तास खातं. पण तुमच्यासारख्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये शिकवायला एक गोष्ट फुकट पडलेली असते, रिजेक्शनची पेटी. पहिल्या महिन्यात पोराला ती पेटी द्या, एक व्हर्निअर द्या, एक मायक्रोमीटर द्या आणि त्या पार्टचं ड्रॉइंग द्या. प्रत्येक पीस का रिजेक्ट झाला ते त्यानं स्वतः मापून वहीत लिहायचं. बोअर मोठा झाला का, फेस तिरका आलाय का, कास्टिंगमध्येच ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, होती का. व्हर्निअरवर 0.02 मिलिमीटरपर्यंत दिसतं, मायक्रोमीटरवर 0.01 पर्यंत, मग ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, बघून कुठलं साधन घ्यायचं हे त्याचं त्याला कळायला लागतं. दोन आठवड्यात तो तुम्हाला येऊन सांगेल की दोन नंबरच्या मशीनवरचे पीस रोज जेवणाच्या सुट्टीनंतरच जातात. आता ते इन्सर्ट झिजल्यानं होतंय, का मशीन गार पडून परत चालू होतं म्हणून होतंय, का जेवून आलेला ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, बघतच नाही, हे तुम्ही शोधा, पण सांगणारं कोणी तरी मिळालं ना? तुमच्याकडं आज 34 माणसं आहेत आणि त्या पेटीकडं बघणारा एक पण नाही, पेटी भरली की ती भंगारात आणि कस्टमरकडून डेबिट नोट, म्हणजे तुमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद. महिन्याला किती रुपयांच्या डेबिट नोटा येतात ते अकाउंटंटला विचारा, 5500 च्या शेजारी तो आकडा लिहून बघा. नवख्या पोराला घेण्यातला मोठा फायदा मला हाच वाटतो, जुनी माणसं ज्याला सरावलेली असतात ते त्याच्या डोळ्याला खुपतं.

दुसरं, पोराला "सगळ्यांचा" करू नका. सगळ्यांचा पोरगा म्हणजे कोणाचाच नाही, जो हाक मारेल त्याच्याकडं पळणार. एक जुना ऑपरेटर निवडा, ज्याला बोलायला आवडतं असा, आणि त्याला शिकवण्याचे महिन्याला वेगळे पैसे द्या, हजार का असेनात, पण पगारपत्रकावर वेगळी ओळ दिसू दे. नाहीतर काय होतं, जुन्या माणसाला वाटतं मालक आपल्या जागेवर स्वस्तातला पोरगा तयार करतोय, आणि तो मुद्दाम सेटिंग करताना पोराला पाणी आणायला पाठवतो. हसू नका, असं सगळीकडं चालतं. उद्यमनगरातले जुने मिस्त्री पण शेवटची खुबी हाताखालच्याला द्यायचे नाहीत, गुऱ्हाळाचं इंजिन दुरुस्तीला आलं की टायमिंग लावायच्या वेळी पोरांना बाहेर काढायचे. त्यातल्या किती जणांच्या खुब्या त्यांच्याबरोबरच गेल्या. तुमचा तो तीन लेथवाला माणूस किती वर्षाचा आहे? पत्रात लिहिलं नाही तुम्ही, पण तीन जुने लेथ अजून चालतायत म्हणजे तो पन्नाशीच्या पुढचा असणार, पैज लावतो. तो रिटायर झाला की वन ऑफ जॉब कोण करणार, सीएनसीवर एका पीससाठी प्रोग्रॅम लावत बसणार का?

मार्कशीट ठेवून घेऊ का असं विचारलंय. नाही. अजिबात नाही. कागद अडकवून माणूस अडकवणं हे सरळ चूक आहे, आणि ज्या पोराला जायचंय ते डुप्लिकेट काढून जातं. तुमचा भाचा चाकणला गेला आणि त्यांनी त्याची मार्कशीट कपाटात घातली तर तुम्ही पहिल्या गाडीनं जाऊन भांडाल. कायद्यात यासाठी सरळ वाट दिलेली आहे. वर्ष झाल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, घेणं पोरावर बंधनकारक नाही, हे साधारण. पण करारातच अट घातली की शिकून झाल्यावर इतका काळ इथं काम करेन, तर पोरगं बांधलं जातं आणि मालकही बांधला जातो, नोकरी द्यावीच लागते, करारात ठरलेल्या काळासाठी आणि ठरलेल्या पैशावर. फार जाचक अट असेल तर सरकारचा अप्रेंटिसशिप सल्लागार ती बदलू शकतो. म्हणजे बॉण्ड पाहिजे असेल तर दोन्ही बाजूनं. आज लिहून द्या की वर्षानंतर अठरा हजारावर दोन वर्षं घेतो. देता? पत्रातून मला तुमचा चेहरा दिसत नाही पण अंदाज आहे.

नसाल देणार तर किमान एवढं करा, सहाव्या महिन्यात पोराला केबिनमध्ये बसवून सांगा की तू चांगला चाललायस, वर्ष झालं की तुला इतके देईन. बारा महिने डोळ्यासमोर असलेला माणूस तुम्हाला अर्ध्या तासाच्या इंटरव्ह्यूपेक्षा जास्त कळलेला असतो, वेळेवर येतो का, चूक झाली की लपवतो का सांगतो, शेवटच्या पीसला पण गेज लावतो का. हे सगळं माहीत असून लोक शेवटच्या दिवशीपर्यंत गप्प बसतात आणि पोरगं दुसरीकडं सही करून आलं की मग "अरे सांगायचं नाहीस का".

कागदपत्राचं थोडक्यात. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर शॉपची नोंदणी करा, करार ऑनलाइन होतो. अडलात तर कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये जा, अप्रेंटिसशिपचं काम कोण बघतं ते विचारा, तिथल्या लोकांना रोजचं काम आहे ते. आयटीआय पास टर्नर किंवा मशिनिस्ट घ्या, त्याला बेसिक ट्रेनिंग परत द्यावं लागत नाही, कोरा दहावीवाला घेतला तर ते आधी करून घ्यावं लागतं. आणि मागच्या तीन पोरांसारखं कागदाशिवाय कोणाला ठेवू नका, तो अप्रेंटिस नाही, कायद्याच्या नजरेत तो तुमचा कामगार आहे आणि त्याचा पीएफ तुम्ही भरलेला नाही. हा विषय इथंच थांबवतो.

आता भाचा.

आधी हिशोब, कारण ताई हिशोबाचंच बोलतायत आणि त्या काही चुकीचं बोलत नाहीत. 13,500 वजा 11,500, महिना दोन हजार, वर्षाचे 24,000. त्यात चाकणला खोली, चार पोरांत मिळून घेतली तरी अडीच हजार धरा, वर्षाचे 30,000. झाले 54,000. रात्रीचं जेवण, गावी यायचं भाडं, साबण, मोबाइल, म्हणजे साठ पासष्ट हजाराचा फरक पडतो. ही एका वर्षाची फी आहे असं समजा. विचारायचं एवढंच की या फीमध्ये मिळतं काय. मेहुण्यांचा पगार नसता, घरात दुखणं असतं, तर मी म्हणालो असतो गोकुळ शिरगावला जाऊ दे, त्यात लाज नाही. पण घर चालतंय, पोरगं एकोणीस वीस वर्षाचं, तर ही फी परवडते.

हेल्परच्या नोकरीत आज पैसे जास्त आहेत आणि पाच वर्षांनी पण जवळपास तेवढेच असतात, महागाईनं वाढतील तेवढेच. मी मशिनिस्ट पास झालेली पोरं कॉन्ट्रॅक्टरकडं चार चार वर्षं लोडिंग अनलोडिंग करताना बघितलीत, पीस लाव, बटण दाब, पीस काढ. चार वर्षांनी इंटरव्ह्यूला विचारलं की टूल ऑफसेट कसा देतोस, तर म्हणतो ते सेटर करतो. आयटीआयमध्ये दोन वर्षं शिकलेलं हातातून जायला वर्ष पुरतं. अप्रेंटिसशिप झाली, शेवटची ट्रेड टेस्ट पास झाला, की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, ते देशात कुठंही चालतं. रेल्वेत लेव्हल वनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत रेल्वेतच अप्रेंटिसशिप केलेल्यांना 20 टक्के जागा राखीव आहेत, ते भाच्याला लागू नाही कारण तो खाजगीत करणार, पण रेल्वेची जाहिरात आली तर तो पर्याय पण बघून ठेवा म्हणावं. सरकारी महामंडळात भरती असेल तर बाकी सगळं सारखं असताना अप्रेंटिसशिप केलेल्याला आधी घ्यावं असं सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये एसटी महामंडळासारख्याच एका उत्तर प्रदेशच्या महामंडळाच्या केसमध्ये म्हटलंय.

पण एक खोटी आशा काढून टाका. अप्रेंटिस लागला म्हणजे कंपनीत लागला असं ताईंना कोणी सांगू नका. 2018 च्या मार्चमध्ये माटुंगा दादरच्या मध्ये पोरं रुळावर बसली होती आठवतंय? सकाळची लोकल बंद पाडली होती. ती रेल्वेत अप्रेंटिसशिप केलेलीच पोरं, त्यांचं म्हणणं ते 20 टक्के काढा आणि आम्हाला सगळ्यांना घ्या. चूक बरोबर सोडा, पण त्या पोरांना घरी हेच सांगितलेलं असणार, की चिकटलास रे, आता कायमचा. चाकणवाले वर्षानंतर ठेवतील, ठेवणार नाहीत, दोन्ही धरून चालायचं.

"नुसतं राबवून घेतील का?" घेऊ शकतात. मोठी कंपनी म्हणजे चांगलं शिकवणारच असं नाही, काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे असेंब्ली लाइनवर वर्षभर एकाच स्टेशनला तेच चार बोल्ट, आणि वर्ष संपलं की नवी बॅच. अशा ठिकाणापेक्षा तुमचं शॉप परवडलं. म्हणून जायच्या आधी भाच्यानंच फोन करून विचारायचं, तुम्ही नाही, त्यानं. करार अप्रेंटिस कायद्याखाली पोर्टलवर होणार का, का नुसतं "ट्रेनी" म्हणून लेटर देणार? कारण ट्रेनी हा शब्द कोणीही वापरतं. राज्य सरकारची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, ज्यात आयटीआयवाल्याला महिना 8000 मिळतात, ती पण वेगळी, तिच्यातून अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट मिळत नाही, लोक दोन्हीचा घोळ करतात. मग विचारायचं ट्रेड कुठला लावणार, मशिनिस्टच ना? किती डिपार्टमेंट फिरवणार, टूल रूममध्ये, जिथं टूल बनतात तिथं, किती दिवस? ट्रेड टेस्टची तयारी कोण करून घेतं? आणि गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या एखाद्या पोराचा नंबर मिळतो का. शेवटचं उत्तर सगळ्यात खरं असतं. ते पोरगं जर म्हणालं की आम्ही वर्षभर एकच फिक्श्चर (जॉब पकडून ठेवायची चौकट) बघितलं, तर 11,500 असू दे नाहीतर 15,000, तिथं जाऊ नये.

हे इतकं बारकाईनं का विचारायचं, तर बहुतेक जाहिरातीत अट असते की उमेदवारानं आधी अप्रेंटिसशिप केलेली नसावी. म्हणजे ही एकदाच मिळणारी संधी आहे. चुकीच्या जागी घालवली की परत नाही. कॉन्ट्रॅक्टरची नोकरी सहा महिन्यांनी पण मिळेल, ती कुठं पळून जात नाही.

राहिलं तुमच्याकडं घ्यायचं. नको. कायद्याचं सोडा, मामाच्या शॉपमध्ये भाचा अप्रेंटिस म्हणजे त्याला शिव्या देणारा तुमच्याकडं एक माणूस नाही. ऑपरेटर त्याला मालकाचा भाचा म्हणून खुर्ची देणार, चुकीचा बोअर आला तर दुसऱ्याच्या नावावर टाकणार, आणि सहा महिन्यांनी तो तुमचा सुपरवायझर झालेला असेल ज्याला टूल धार लावता येत नाही. चाकणचं जमलं नाही तर तुमच्याच ओळीत चांगलं टूल रूम असलेला एखादा शॉपवाला बघा, भाचा त्याच्याकडं द्या आणि त्याच्या घरचं कोणी असेल तर तुमच्याकडं घ्या. दोघांनी एकमेकाला सांगायचं, नात्यातला म्हणून सूट नाही.

आणि हे ताईंशी बोलायला जाल तेव्हा साठ हजाराचा आकडा आधी तुम्हीच काढा, त्यांनी काढायच्या आत. भाच्याला शेजारी बसवा. शक्यतो जेवण झाल्यावर.